विजेवर वाजलेली पुंगी

वरात रंगात आली की बँडवाल्यांना एक फर्माईश हटकून होते. मग क्लॅरिनेटवाला गाल फुगवतो. कुणी उत्साही मावसभाऊ खिशातला रुमाल काढून त्याचे टोक दातांत धरतो आणि गारुडी होतो. दुसरा कुणी डोक्यावर दोन्ही तळहात जोडून फणा काढतो आणि नव्या कोऱ्या पँटीची पर्वा न करता भर रस्त्यात लोळण घेतो. वधूपक्ष हसतो, वरपक्ष थोडा संकोचतो आणि मुहूर्त टळत चालल्याची आठवण गुरुजी करून देतात. पुण्यात हेच दृश्य गणपतीच्या मिरवणुकीतही दिसते. सत्तर वर्षे उलटली, तीन पिढ्या बदलल्या, पण ‘नागिन’ची ती सुरावट काही जुनी होत नाही.

गंमत अशी की, त्या सुरावटीत पुंगी मुळी नाहीच. १९५४ साली ‘नागिन’ चित्रपटात ती वाजली, तेव्हा ना कुणा गारुड्याने गाल फुगवले होते, ना भोपळ्याला भोक पाडले होते. तो आवाज विजेवर चालणाऱ्या एका पेटीतून आला होता. त्या पेटीच्या पट्ट्यांवर फिरणारी बोटे गिरगावात वाढलेल्या एका किराणा दुकानदाराच्या मुलाची होती. त्यांचे नाव कल्याणजी वीरजी शाह. पुढे ‘कल्याणजी-आनंदजी’ या जोडनावाचा पहिला अर्धा भाग म्हणून ते साऱ्या देशाला माहीत झाले. पण या जोडनावाच्या आधीचे कल्याणजी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्याला भारतीय कानांत पहिल्यांदा घर करून देणारे कल्याणजी, आपल्याला तितकेसे आठवत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास सांगताना पाश्चात्त्य जगात काही नावे आदराने घेतली जातात. अमेरिकेत वेंडी कार्लोस यांनी १९६८ साली बाखच्या रचना मूग सिंथेसायझरवर वाजवल्या आणि अभिजात संगीतवाल्यांच्या भुवया उंचावल्या. जपानच्या इसाओ तोमिता यांनी १९७४ मध्ये देब्युसीच्या पियानोरचनांना यंत्रातून असे काही रंग दिले की ऐकणाऱ्याला बर्फाच्या पाकळ्या दिसाव्यात. या दोघांनी एकच गोष्ट सिद्ध केली. यंत्राला स्वतःचे हृदय नसते हे खरे, पण वाजवणाऱ्याचे हृदय ते उसने घेऊ शकते. कल्याणजींचे काम त्या तोडीच्या अभिजात रचनांचे नव्हते, ते एका सिनेमाच्या गाण्याचे होते. पण ते या दोघांच्या कितीतरी आधीचे होते आणि ज्या साधनांनी झाले ती फारच तुटपुंजी होती.

कल्याणजींचा जन्म ३० जून १९२८ रोजी कच्छमधल्या कुंदरोडी या गावी झाला. वडील वीरजीभाई पोटापाण्यासाठी मुंबईला आले आणि त्यांनी किराणा मालाचे दुकान टाकले. आपल्याकडे संगीतात किराणा घराण्याचा केवढा दबदबा! पुणेकरांना तर सवाई गंधर्व आणि भीमसेन जोशी यांच्यामुळे किराणा म्हटले की आधी तंबोराच दिसतो. कल्याणजींचे ‘किराणा घराणे’ मात्र खरोखरीच डाळ-तांदळाचे होते. पण संगीताने त्यांना गाठले ते त्याच दुकानाच्या उंबऱ्यावर. असे सांगतात की, एका संगीतशिक्षकाची दुकानात उधारी थकली होती. पैसे द्यायला जमेना, तेव्हा त्याच्या बदल्यात त्याने दुकानदाराच्या मुलांना गाणे-बजावणे शिकवायचे ठरले. वहीतली उधारी सुरांनी फिटली. त्या काळच्या मुंबईत असे व्यवहार अगदीच अपूर्वाईचे नसावेत, पण या एका उधारीने हिंदी चित्रपटसृष्टीला केवढे व्याज दिले याचा हिशेब कोणत्याच वहीत मावणार नाही.

घरातही सूर अगदी परका नव्हता. आजोळ-घराकडच्या मंडळींत एक नावाजलेले लोककलावंत होऊन गेले होते. पण कान घडले ते गिरगावात. एका बाजूला मराठी चाळी, दुसऱ्या बाजूला गुजराती पेढ्या, गणेशोत्सवातले मेळे, नवरात्रातला गरबा, देवळातली भजने, लग्नातला बँड, हॉटेलांतल्या रेडिओवरची गाणी. एवढे सगळे एका फर्लांगात ऐकायला मिळायचे. कोणते संगीत आपले आणि कोणते परके हा प्रश्न अशा वस्तीत वाढलेल्या पोराला पडत नाही. जे कानाला गोड, ते आपले. धाकटे भाऊ आनंदजी पाच वर्षांनी लहान. दोघांनी मिळून पुढे जे केले, त्याची मुळे या मिश्र वस्तीत शोधावी लागतात.

तरुण कल्याणजींनी मित्र जमवून वाद्यवृंद उभा केला. ‘कल्याणजी वीरजी अँड पार्टी’ असे त्याचे नाव. आज ऑर्केस्ट्रा म्हटले की आपल्याला काही विशेष वाटत नाही. तालुक्याच्या गावीही ‘एक शाम’ होते. पण पन्नासच्या दशकाच्या आसपास रंगमंचावर वाद्ये मांडून चित्रपटगीतांचे कार्यक्रम करणे ही नवलाई होती. प्रेक्षकांसमोर वाजवण्याचा एक फायदा असतो. कोणत्या आवाजाला टाळी पडते आणि कोणत्या आवाजाला मंडळी चिवड्याच्या पुड्या सोडतात, हे वादकाला तिथल्या तिथे कळते. नव्या आवाजाची तहान कल्याणजींना लागली ती बहुधा इथेच.

अशा वेळी त्यांच्या हाती आले क्लेव्हायोलिन. हे वाद्य फ्रान्समध्ये कॉन्स्तां मार्तां नावाच्या अभियंत्याने १९४७ साली तयार केले होते. जुन्या रेडिओत असत तसे व्हॉल्व्ह त्यात होते. व्हॉल्व्हच्या मंडलात विजेचा प्रवाह सेकंदाला ठरावीक वेळा हेलकावतो. तो हेलकावा कर्ण्यातून बाहेर पडला की आपल्याला स्वर ऐकू येतो. पट्टी बदलली की हेलकाव्यांची संख्या बदलते आणि स्वर वर-खाली होतो. समोर काही खटके असत. ते पालटले की त्याच स्वराचा पोत बदले. कधी बासरीजवळचा, कधी व्हायोलिनसारखा, कधी नाकातून काढल्यासारखा. स्वराला कंप देण्याचीही सोय होती. आवाज लहान-मोठा करायला गुडघ्याने ढकलायचा एक दांडा असे, म्हणजे दोन्ही हात मोकळे. पट्ट्या जेमतेम तीन सप्तकांच्या. पियानोच्या कडेला अडकवून वाजवावे अशा बेताने हे वाद्य बनवलेले होते.

या वाद्यात एक मोठी उणीव होती. एका वेळी त्यातून एकच स्वर निघे. दोन पट्ट्या दाबल्या तरी वाजणार एकच. चार स्वर एकदम वाजवून सुसंवाद साधणाऱ्या युरोपीय वादकाला हे वाद्य म्हणजे अर्धवट खेळणे वाटले तर नवल नाही. पण आपले संगीत मुळातच एका स्वरामागून दुसरा स्वर असे चालते. गवई एका वेळी दोन स्वर गात नाही, सनईवाला वाजवत नाही. तेव्हा पॅरिसमध्ये जी उणीव, ती गिरगावात उणीव राहिलीच नाही. परदेशी वाद्य आपल्याकडे रुजते ते बहुतेक वेळा असे, त्याच्या दोषांसकट नव्हे, तर दोषांमुळेच.

खरी अडचण दुसरीच होती. पट्ट्यांच्या वाद्यावर मींड येत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, मधल्या श्रुतींना स्पर्श करत जाणे हा आपल्या गाण्याचा प्राण, आणि पट्ट्यांचे वाद्य म्हणजे जिना. पायरीवर पाय ठेवायचा किंवा नाही ठेवायचा, मध्ये कुठे उभे राहता येत नाही. हार्मोनियमवर हाच आक्षेप घेतला गेला आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांतून हद्दपार केले. ती बंदी तीन दशके टिकली. कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांसारख्या जादूगाराने ज्या पेटीतून गळा काढून दाखवला, तिलाही रेडिओच्या दारात चप्पल काढून उभे राहावे लागले. पेटीची जर ही कथा, तर विजेच्या डब्याला कोण विचारणार?

पण सिनेमाला शास्त्राचा सोवळेपणा कधीच मानवला नाही. आपल्या पुण्यातच प्रभातने १९३७ साली ‘कुंकू’ काढला. त्यात पार्श्वसंगीताला पूर्ण फाटा देऊन केवळ नैसर्गिक आवाजांवर प्रसंग उभे केले. संगीतकार केशवराव भोळ्यांचे ते धाडस आजही चित्रपटाचे विद्यार्थी अभ्यासतात. पडद्यावरचा आवाज कुठून यावा, हा प्रश्न इथे असा आधीच पडला होता. ‘कुंकू’ने त्याचे उत्तर वाद्ये वजा करून दिले. ‘नागिन’ने ते नव्या वाद्याची भर घालून दिले.

‘नागिन’ हा फिल्मिस्तानचा चित्रपट. दिग्दर्शक नंदलाल जसवंतलाल, पडद्यावर वैजयंतीमाला आणि प्रदीपकुमार, संगीत हेमंतकुमार यांचे आणि आवाज लताबाईंचा. कथेचा नायक पुंगी वाजवतो आणि नायिका त्या सुरांनी खेचली जाते. म्हणजे अख्खा चित्रपट पुंगीच्या आवाजावर तोललेला. आवाज फसला तर कथा फसली. आता खरी पुंगी आणायची म्हटले तर काय होते? पुंगीला भोपळा आणि त्यात खोचलेल्या दोन नळ्या. एका नळीवर सूर वाजतो, दुसरी सतत गुणगुणत राहते. वादक नाकाने श्वास घेत घेत गालातली हवा सोडत असतो, म्हणून तो आवाज तुटत नाही. कान भरून टाकणारे असे हे वाद्य, पण त्याचे स्वर मोजके आणि सूर ज्याच्या त्याच्या नळीप्रमाणे. वाद्यवृंदातल्या तीस-चाळीस वाद्यांच्या पट्टीशी तिला जुळवणे महाकठीण. भोपळ्याला पीळ देण्याच्या खुंट्या नसतात.

इथे क्लेव्हायोलिन उपयोगी पडले. हेमंतकुमारांच्या चालीला पुंगीचा साज चढवला तो क्लेव्हायोलिनवर कल्याणजींनी, आणि त्यांच्या जोडीला हार्मोनियम होती रवी यांची. हेमंतकुमारांचे हे साहाय्यक पुढे ‘चौदहवीं का चाँद’चे संगीतकार म्हणून गाजले. नाकातून निघाल्यासारखा पोत, स्वरावर सतत थरथर आणि दोन-तीन पट्ट्यांवरून सपकन फिरणाऱ्या छोट्या मुरक्या. जिन्याच्या पायऱ्या इतक्या चपळाईने उतरायच्या की घसरगुंडीच वाटावी. मींड नाही ती नाहीच, पण तिचा भास मात्र पुरेपूर. ही यंत्राची करामत नव्हती. तेच यंत्र दुसऱ्या कुणाच्या हाती दिले असते तर मोटारीच्या भोंग्यासारखे वाजले असते. पुंगी कशी वाजते हे ज्याने रस्त्याच्या कडेला उभे राहून कान देऊन ऐकले आहे, त्यालाच तिची नक्कल पट्ट्यांवर उतरवता येणार.

गाजराची पुंगी, वाजली तर वाजली, नाही तर मोडून खाल्ली, असे आपण म्हणतो. ही विजेची पुंगी अशी काही वाजली की मोडून खाण्याची वेळच आली नाही. ‘नागिन’ची गाणी देशभर झाली. हेमंतकुमारांना उत्कृष्ट संगीताचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. थिएटरात गाणे सुरू झाले की खरे नाग पडद्यासमोर येऊन डोलतात, अशा कंड्या गावोगाव पिकल्या. सापाला बाहेरचे कान नसतात. तो पुंगीच्या सुरावर नव्हे, तर पुंगीच्या हालचालीवर डोलतो, हे शाळेच्या पुस्तकात वाचलेली मंडळीही या कथा डोळे विस्फारून सांगत. खरे तर यात एक मोठे सत्य दडलेले आहे. पुंगी मुळातच नागासाठी नव्हती, ती भोवती जमलेल्या माणसांसाठी होती. मग ती भोपळ्याची काय आणि विजेची काय!

तो काळही ध्यानात घ्यायला हवा. माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री होते बाळकृष्ण केसकर, मराठी माणूस आणि अभिजात संगीताचे कट्टर पाठीराखे. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीने चित्रपटगीतांना जवळजवळ दार लावून घेतले आणि सारा देश रेडिओ सिलोनकडे वळला. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, गीतरामायण सुरू झाले. माडगूळकरांचे शब्द आणि बाबूजींचा स्वर ऐकण्यासाठी घरोघरी रेडिओला हार घातले जात होते. त्याच घरांत संध्याकाळी सुई सिलोनवर सरकली की ही विजेची पुंगी वाजत असे. एकाच रेडिओतून दोन्ही येत होते आणि घरातल्या मंडळींना त्यात काही विसंगत वाटत नव्हते. श्रोते नेहमीच मंत्र्यांपेक्षा उदार असतात.

या साऱ्या गाजावाजात वादकाचे नाव कुठे होते? त्या वेळच्या तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार आणि चित्रपट यांची नावे असत. कोणते वाद्य कुणी वाजवले हे सांगण्याची पद्धत नव्हती. शंभर वादक रोज सकाळी वाद्याची पेटी काखोटीला मारून स्टुडिओत जात, संध्याकाळी मानधन घेऊन लोकलने घरी परतत. त्यांनी छेडलेली तार देशभर वाजत राही आणि ते स्वतः निनावी राहत. कल्याणजींचा पिंड मात्र नुसता वादक राहण्याचा नव्हता. १९५८ साली ‘सम्राट चंद्रगुप्त’ला त्यांनी कल्याणजी वीरजी शाह या नावाने स्वतंत्र संगीत दिले. पाठोपाठ आनंदजी जोडीला आले आणि १९५९ च्या ‘सट्टा बाजार’, ‘मदारी’पासून दोघांची नावे एकत्र झळकू लागली. पुंगीने नाव केलेल्या माणसाच्या सुरुवातीच्या एका चित्रपटाचे नाव ‘मदारी’ असावे, हा योगायोगही मजेचा.

पुढची वाटचाल वाचकांना ठाऊक आहेच. १९६० चा ‘छलिया’, १९६५ चा ‘जब जब फूल खिले’, १९६७ चा ‘उपकार’, १९७० चे ‘जॉनी मेरा नाम’ आणि ‘सफर’, १९७३ चा ‘जंजीर’, १९७८ चे ‘डॉन’ आणि ‘मुकद्दर का सिकंदर’, १९८० चा ‘कुर्बानी’. शंकर-जयकिशन, सचिनदेव बर्मन, मदनमोहन, नौशाद अशा दिग्गजांच्या गर्दीत या भावांनी आपली जागा केली आणि टिकवली. गुजरातीतल्या गोवर्धनराम त्रिपाठींच्या अजरामर कादंबरीवरच्या ‘सरस्वतीचंद्र’ला १९६८ च्या संगीताचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘कोरा कागज’ने फिल्मफेअर दिले. १९९२ साली दोघांना पद्मश्री मिळाली. ‘सरस्वतीचंद्र’ची भावगर्भ गाणी आणि ‘डॉन’चा धडाका एकाच घरातून यावा याचे अनेकांना आश्चर्य वाटते. गिरगावच्या त्या एका फर्लांगात काय काय ऐकू येई हे आठवले, की आश्चर्य कमी होते.

कल्याणजींचा दुसरा गुण म्हणजे त्यांनी माणसे जोडली आणि वाढवली. लक्ष्मीकांत कुडाळकर आणि प्यारेलाल शर्मा हे दोघे त्यांचे साहाय्यक होते. १९६३ च्या ‘पारसमणि’ने ते स्वतंत्र झाले आणि पुढे त्याच मैदानात गुरूंचे प्रतिस्पर्धीही. त्याबद्दल कडवटपणा धरून बसणाऱ्यांतले कल्याणजी नव्हते. विनोदाचे तर ते भांडार होते. रंगमंचावर त्यांचे चुटके ऐकायलाही लोक येत. जॉनी लिव्हर यांना मोठा मंच मिळाला तो कल्याणजी-आनंदजींच्या कार्यक्रमांतून. उतारवयात त्यांनी लहान मुलांना हाताशी धरले. ‘लिटिल वंडर्स’ या त्यांच्या चमूतून तयार झालेली सुनिधी चौहान आज सर्वांना माहीत आहे. आपल्या कोकणातल्या दाभोळच्या साधना सरगम यांनाही त्यांचे मार्गदर्शन लाभले. उधारीच्या बदल्यात मिळालेली विद्या त्यांनी अशी उधार न ठेवता वाटून टाकली.

इकडे क्लेव्हायोलिनचे काय झाले? ‘नागिन’नंतर आठ वर्षांनी, १९६२ साली, इंग्लंडमध्ये ‘टेलस्टार’ नावाची एक धून निघाली. नव्याने अवकाशात सोडलेल्या दळणवळण उपग्रहाचे नाव तिला दिले होते. तिच्यातली मुख्य सुरावट क्लेव्हायोलिनवरची होती आणि ती ब्रिटन व अमेरिका दोन्हीकडे पहिल्या क्रमांकावर गेली. १९६७ मध्ये बीटल्सनी आपल्या एका गाण्यात हेच वाद्य वापरले, तेही पौर्वात्य सनईसारखा भास आणण्यासाठी. म्हणजे पाश्चात्त्यांना या पेटीत पूर्वेचा आवाज सापडायला १९६७ साल उजाडावे लागले. गिरगावच्या वादकाला तो १९५४ मध्येच सापडला होता. त्यांनी त्या वाद्यात भविष्यकाळ ऐकला, अवकाश ऐकले. आपण रस्त्यावरचा गारुडी ऐकला. एकाच यंत्रातून प्रत्येकाला आपल्या मनातलेच ऐकू येते.

आपल्याकडेही वाट पुढे सरकली. केरसी लॉर्ड यांनी सत्तरच्या दशकात मूग सिंथेसायझर मुंबईच्या स्टुडिओत आणला. चरणजितसिंग या मुंबईकर वादकाने १९८२ साली जपानी सिंथेसायझर आणि तालयंत्रांवर भैरव, ललत, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवून त्यांची ध्वनिमुद्रिका काढली. तेव्हा कुणी फारसे विचारले नाही. २०१० मध्ये ती युरोपात पुन्हा निघाली, तेव्हा तिकडचे जाणकार थक्क झाले आणि सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या या माणसाला परदेशातून बोलावणी आली. यमनाला तानपुरा लागतो की वीज चालते, हा वाद चालू राहील. पण तोपर्यंत बंगळुरूच्या जी. राज नारायण यांच्यासारख्यांनी घडवलेला इलेक्ट्रॉनिक तानपुरा मोठमोठ्या गवयांच्या शेजारी निमूट जाऊन बसलाही होता.

या वाटेचा एक वळसा मात्र वेदनेचा आहे आणि तो टाळून पुढे जाणे बरे नाही. १९५४ मध्ये क्लेव्हायोलिन आले तेव्हा त्याने कुणाची खुर्ची घेतली नाही. स्टुडिओत गारुड्याला खुर्ची नव्हतीच. पण ऐंशी-नव्वदच्या दशकांत सिंथेसायझर आले ते एकटे पन्नास व्हायोलिनांचा आवाज काढत आले. ज्या वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा सुवर्णकाळ आपल्या बोटांनी घडवला, त्यांचे फोन वाजेनासे झाले. गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक, ट्रंपेटवादक, चेलोवादक उतारवयात रिकाम्या हातांनी बसले. कल्याणजींच्या घरातच हा बदल उभा होता. त्यांचे पुत्र विजू शाह सिंथेसायझरमध्ये पारंगत. १९८९ च्या ‘त्रिदेव’मधल्या धडाक्यामागे त्यांच्या यंत्रांचा मोठा वाटा, आणि पुढे ‘मोहरा’ व ‘गुप्त’ त्यांनी स्वतंत्रपणे गाजवले. बापाने एका पेटीतून एक पुंगी काढली, मुलाने एका यंत्रातून सारा वाद्यवृंद काढला.

मग दोष कुणाचा? यंत्राचा म्हणावे तर ‘नागिन’ची पुंगीही यंत्राचीच. माणसाचा म्हणावे तर तो काळाबरोबर चालला एवढाच त्याचा गुन्हा. फरक आहे तो हेतूचा. कल्याणजींनी यंत्र घेतले ते जो आवाज स्टुडिओत येऊच शकत नव्हता तो आणण्यासाठी. पुढे अनेकांनी यंत्र घेतले ते जो आवाज समोर बसला होता त्याचे मानधन वाचवण्यासाठी. पहिल्यात भर आहे, दुसऱ्यात वजाबाकी. आज संगणक चाल बांधतो, गळ्याची नक्कल करतो, दिवंगत गायकाकडून नवे गाणे म्हणवून घेतो. अशा दिवसांत हा फरक प्रत्येक घरात, विशेषतः मुलांना पेटी-तबल्याच्या क्लासला घालणाऱ्या आई-वडिलांनी, समजून घेण्यासारखा आहे. यंत्र शिकावे की नाही हा प्रश्न नाही. त्याच्यापाशी बसण्याआधी खरी पुंगी कान देऊन ऐकली आहे का, हा प्रश्न आहे.

२४ ऑगस्ट २००० रोजी कल्याणजी गेले. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेत त्यांच्या जुन्या चित्रपटांतील संगीताचे तुकडे घेऊन ‘बॉम्बे द हार्ड वे’ नावाचा संग्रह निघाला होता. २००५ मध्ये ब्लॅक आइड पीज या अमेरिकन गटाने ‘अपराध’ आणि ‘डॉन’मधल्या त्यांच्या सुरावटी आपल्या गाण्यात गुंफल्या आणि त्या गाण्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. ज्या माणसाने फ्रान्सचे वाद्य आणून त्यातून कच्छ-मुंबईचा सूर काढला, त्याचा सूर शेवटी असा समुद्रापार गेला. ही देवाणघेवाण पाहायला ते हयात नव्हते. असते तर त्यांनी त्यावर एखादा मार्मिक चुटका नक्कीच केला असता.

वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ साली आला आणि साप पाळणे गुन्हा ठरला. नागपंचमीला दारोदार टोपली घेऊन येणारा गारुडी हळूहळू दिसेनासा झाला. ते नागाच्या भल्याचेच झाले. पण त्याबरोबर भोपळ्याची पुंगीही शहरांतून गेली. आज पुण्यातल्या एखाद्या आठ-दहा वर्षांच्या मुलाला पुंगी कशी वाजते असे विचारा. तो क्षणाचाही विलंब न लावता जी सुरावट गुणगुणेल, ती कोणत्याही गारुड्याची नसेल. ती एका विजेच्या पेटीवर, सव्वीस वर्षांच्या एका तरुणाने वाजवलेली असेल. नक्कल मागे राहिली आणि अस्सल निघून गेले, याचे दुःख करावे की नक्कल इतकी प्रेमाने केली होती म्हणून अस्सलाची आठवण तरी उरली, याचा आनंद मानावा, हे ज्याचे त्याने ठरवावे.